वेदना आणि भूल

‘वेदना’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या मुळाकडे आपले लक्ष जात नाही. ज्या ‘विद्’ धातूपासून ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द सिद्ध झाले, त्याच धातूपासून ‘वेदना’ हा शब्दही आला. प्राचीन बौद्ध वाङ्मयात वेदना म्हणजे केवळ दुःख नव्हे. सुखद, दुःखद आणि या दोहोंत न मोडणारी, अशा तिन्ही प्रकारच्या अनुभूतींना तेथे वेदना हेच नाव आहे. मराठीत मात्र हा शब्द दुःखापुरता उरला. जाणण्याच्या साऱ्या प्रकारांतून दुखणे हाच प्रकार जणू आपण जाणण्याचा अस्सल नमुना म्हणून राखून ठेवला. याउलट, शस्त्रक्रियेच्या वेळी दुखू नये म्हणून डॉक्टर जे करतात, त्याला आपण ‘भूल देणे’ म्हणतो. भूल म्हणजे चूक, मोह, संभ्रम. रानात भूल पडलेला वाटसरू वाट चुकतो, आणि भूलथापांना बळी पडणारा माणूस सत्याला मुकतो. दुखणे म्हणजे जाणणे आणि दुखणे थांबणे म्हणजे चुकणे, असा एक निवाडा आपली भाषा आपल्या नकळत देऊन मोकळी झाली आहे.

हा निवाडा कितपत ग्राह्य मानावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रश्न केवळ शब्दांचा असता तर तो कोशकारांवर सोपवता आला असता. परंतु वेदनाशामक औषध द्यावे की नाही, किती द्यावे, आणि त्यामुळे रोग्याचे माणूसपण उणावते काय, या प्रश्नांची जी उत्तरे आपण रोग्याच्या उशाशी बसून देतो, त्यांच्यामागे हाच निवाडा उभा असतो. म्हणून तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

वेदना शमवण्याची धडपड माणसाच्या इतिहासाइतकीच जुनी असावी. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला तीक्ष्ण मद्य पाजण्याचा निर्देश आहे. अफूचा गुण तर अनेक प्राचीन संस्कृतींना ठाऊक होता. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दोन गोष्टी घडल्या आणि या प्रश्नाचे स्वरूप पालटले. जर्मनीतील झेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतील प्रभावी द्रव्य वेगळे काढले आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फिअस याच्या नावावरून त्याला नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची वाफ हुंगवून केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखवण्यात आली, आणि पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्मचाही वापर सुरू झाला. एका वाटेने वेदना शमत होती. दुसऱ्या वाटेने वेदना जाणणाराच काही काळ नाहीसा होत होता. या दोन वाटा मुळात भिन्न आहेत. परंतु मॉर्फिनलाही स्वप्नदेवतेचेच नाव मिळाल्यामुळे वेदनाशमन आणि झोप यांची जी गल्लत झाली, ती अद्याप पुरती सुटलेली नाही.

ही गल्लत सोडवायची तर शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहावयास हवे. बोट भाजले की त्वचेतील मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. त्यांचा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत येतो आणि तेथून मेंदूकडे जातो. मेंदूत पोहोचल्यावर त्या संदेशाचे कार्य एकाच ठिकाणी होत नाही. दुखते आहे ते कोठे, किती आणि कशा तऱ्हेचे, याची नोंद प्रामुख्याने एका भागात होते. तर ते दुखणे नकोसे, असह्य, जीव घेणारे वाटणे, हे प्रामुख्याने दुसऱ्या काही भागांशी निगडित आहे. १९९७ साली माँट्रियल येथील संशोधकांनी संमोहनाच्या साहाय्याने केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रयोगातील व्यक्तींचे हात तेवढ्याच तापलेल्या पाण्यात होते, परंतु ते दुखणे अधिक अप्रिय किंवा कमी अप्रिय वाटावे अशा सूचना त्यांना दिल्या गेल्या. त्यानुसार मेंदूच्या अग्रभागातील एका पट्ट्याची हालचाल बदलली. स्पर्शाची नोंद ठेवणाऱ्या भागाची मात्र तशी बदलली नाही. आपण ज्याला एक अखंड अनुभव समजतो, त्या दुखण्याचे असे दोन पदर आहेत: एक दुखण्याची जाण आणि दुसरा त्या जाणिवेने होणारी तडफड.

मॉर्फिन या दोन्ही पदरांवर काम करते. मज्जारज्जूत ते संदेशाची तीव्रता उणी करते, मेंदूच्या देठातून खाली येणारी रोधक यंत्रणा जागी करते, आणि तडफडीशी संबंधित असलेल्या भागांवरही आपला प्रभाव टाकते. हे घडते कारण या द्रव्याला सामावून घेणाऱ्या विशिष्ट ग्राहकजागा आपल्या मज्जापेशींवर मुळातच असतात. त्या १९७३ साली दाखवून देण्यात आल्या. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की शेतात उगवणाऱ्या एका फुलझाडाच्या चिकासाठी मेंदूने जागा का करून ठेवावी? त्याचे उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळाले. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये निर्माण करतो, आणि त्या जागा त्यांच्यासाठी असतात. तीनच वर्षांनी आणखी एक गोष्ट पुढे आली. दाढ काढलेल्या ज्या रोग्यांना औषध म्हणून निर्गुण द्रव्य टोचले आणि तरीही बरे वाटले, त्यांना अफूचा प्रभाव रोखणारे द्रव्य देताच तो आराम मावळला. म्हणजे ‘आता बरे वाटेल’ या नुसत्या भरवशानेही मेंदूतील तीच यंत्रणा जागी होऊ शकते. धीराचा शब्द आणि अफूचा थेंब यांची वाट काही अंतरापर्यंत एकच असते.

झोपेची आणि गुंगीची औषधे यांहून निराळी. मेंदूतील पेशींना शांत करणारे एक नैसर्गिक द्रव्य असते. ही औषधे त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे भय ओसरते, ग्लानी येते, आणि त्यांपैकी काही औषधांच्या अमलाखाली घडलेले पुढे आठवतच नाही. परंतु त्यांतील बहुतेकांना वेदना शमवण्याचा स्वतःचा असा गुण जवळजवळ नसतो. गुंगीतला रोगी विव्हळत नाही, एवढ्यावरून त्याला दुखत नाही असे म्हणता येत नाही. जे दुखले पण आठवत नाही, ते दुखले होते काय? तत्त्वज्ञाला हा प्रश्न रंजक वाटेल. ज्याला दुखले त्याच्यासाठी मात्र त्या क्षणी तो प्रश्नच नव्हता.

मॉर्फिन घेतलेले रोगी पुष्कळदा एक चमत्कारिक वाक्य बोलतात, असे वैद्यकीय लेखनात नोंदलेले आहे. दुखते आहे, पण त्याचा त्रास होत नाही, असा त्याचा आशय असतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे वाक्य अनोळखी वाटू नये. संयुत्तनिकायातील एका सुत्तात बुद्धाने दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अज्ञ माणसाला दुःख होते तेव्हा त्याला जणू एकामागून एक असे दोन बाण लागतात. एक शरीराला आणि दुसरा मनाला. ज्ञानी श्रावकाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. गीतेतला स्थितप्रज्ञही दुःख न होणारा नव्हे, तर दुःखाने उद्विग्न न होणारा पुरुष आहे. आणि आपल्या रसचर्चेत भट्टनायकाने व त्याच्यामागून अभिनवगुप्ताने जे साधारणीकरण सांगितले, त्याचे मर्मही हेच नव्हे काय? रंगभूमीवरचा शोक प्रेक्षकाच्या हृदयात उतरतो, परंतु तो ‘माझा’, ‘शत्रूचा’ किंवा ‘तिऱ्हाइताचा’ अशा संबंधांतून सुटलेला असतो. म्हणूनच तो आस्वाद्य होतो. दुःखातून ममत्व वजा केले की काय उरते, हा प्रश्न श्रमणाने, योग्याने आणि रसिकाने आपापल्या परीने विचारला. अफूच्या चिकाने त्याचे एक उत्तर देहाच्या पातळीवर देऊन ठेवले आहे.

येथे एक आक्षेप निघणे स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षांच्या साधनेने जे ताटस्थ्य मिळते, ते आणि गोळीने मिळणारे ताटस्थ्य यांना एका मापाने कसे मोजावे? आक्षेप योग्य आहे, आणि शास्त्रही त्याला एका अर्थी दुजोरा देते. ध्यानाने वेदना सुसह्य होते तेव्हा अफूचा प्रभाव रोखणारे द्रव्य देऊनही तो परिणाम टिकतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. फळ सारखे भासले तरी वाटा वेगळ्या आहेत. साधकाचे ताटस्थ्य त्याच्या सबंध जीवनदृष्टीतून येते आणि तिच्यात परत मिसळते. औषधाचे ताटस्थ्य काही तासांनी ओसरते आणि मागे शहाणपण ठेवीत नाही. हे सारे मान्य करूनही मला असे वाटते की हा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

महाभारतातील शरपंजरी पडलेल्या भीष्मांचा प्रसंग घ्या. दुर्योधन बाण काढण्यात निष्णात असलेले वैद्य घेऊन येतो, आणि भीष्म त्यांचा सत्कार करवून त्यांना परत पाठवतात. आपल्या काळात विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला. या दोन्ही नकारांपुढे आपण नम्र होतो. परंतु त्यांची थोरवी ज्या गोष्टीत आहे, ती म्हणजे नकार देणारा आणि सोसणारा एकच आहे. दुर्योधनाने वैद्य आणलेच नसते आणि वर पितामहांच्या धैर्याची स्तुती केली असती, तर तिला आपण काय म्हटले असते? याच संदर्भात दुसरे उदाहरण गांधीजींचे. ‘हिंद स्वराज्य’ या १९०९ च्या पुस्तकात त्यांनी डॉक्टरी पेशावर कठोर टीका केली होती, आणि स्वेच्छेने क्लेश सोसणे हा तर त्यांच्या सत्याग्रहाचा पायाच होता. तरीही १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली, ती भूल देऊनच. मध्येच विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. स्वतः निवडलेला क्लेश आणि केवळ वाट्याला आलेला क्लेश यांत गांधीजींनी भेद केला होता, असा त्याचा अर्थ मी लावतो.

हा भेद मला पुस्तकांतून कळला नाही, हे सांगणे येथे प्राप्त आहे. २००६ साली माझे वडीलबंधू एका जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. रोग मणक्यांत उतरला होता. ज्या रुग्णालयात त्यांना ठेवले होते तेथे मॉर्फिन नव्हते. ते बाळगण्याचा परवाना नव्हता, आणि तो मिळवण्याच्या खटाटोपात पडायला कोणी राजी नव्हते. “त्याची सवय लागते,” असेही आम्हांला सांगण्यात आले. ज्याच्यापुढे थोडेच महिने उरले आहेत त्याला कसली सवय लागणार, हे विचारण्याचे भान आम्हांला नव्हते. रात्री त्यांना झोपेचे इंजेक्शन देत. ते निपचित पडत. मात्र झोपेतही कपाळावरच्या आठ्या तशाच असत आणि मधूनच हाताची मूठ आवळली जाई. सकाळी त्यांना काही आठवत नसे. “रात्र बरी गेली,” असे वहिनी आणि मी एकमेकांना सांगत असू. कोणाची रात्र बरी गेली होती, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ उशिरा विचारला.

अकरा दिवसांनी मोठ्या शहरातील एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा म्हणाले, “दुखतंय अजून. पण ते तिकडे आहे, मी इकडे.” थोड्या वेळाने त्यांनी अभंगांची ध्वनिफीत लावायला सांगितली. ती त्यांची आवडती होती. पण आदल्या आठवड्यात मी ती लावली तेव्हा त्यांनी हातानेच बंद कर अशी खूण केली होती. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. ते विघ्न वर्गात मी अनेक वर्षे शिकवले होते. त्या संध्याकाळी ते दूर होताना प्रथमच पाहिले.

यानंतर आम्ही जे केले त्याचा उच्चार टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांचा मुलगा परगावाहून यायचा होता. बाप-लेकांचे नीट बोलणे व्हावे, ते पूर्ण शुद्धीवर असावेत, म्हणून आम्ही दुपारची एक गोळी चुकवली. मुलगा आला तेव्हा दादांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही; ते पलंगाची कड धरून भिंतीकडे तोंड करून होते. रात्री गोळी लागू पडल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि रागावून नव्हे, समजावण्याच्या सुरात म्हणाले, “अरे, शुद्धीवर असावा म्हणता. पण दुखतं तेव्हा मी शुद्धीवर असतो कुठे? तेव्हा नुसतं दुखणं असतं.”

माझ्या मते या विषयावरचा सारा विचार या वाक्यापाशी येऊन थांबतो. सौम्य वेदना सावध करते, हे खरे. चुलीवरून हात मागे घ्यायला ती शिकवते. परंतु तीव्र आणि अखंड वेदना काही शिकवीत नाही. ती माणसाला त्याच्या मुलाची, त्याच्या अभंगांची, अखेरीस त्याच्या स्वतःचीही ओळख विसरायला लावते. भूल या शब्दात जे जे आहे, वाट चुकणे, भान हरपणे, परके होणे, ते सारे वेदनाच करीत असते. अशा वेळी योग्य मात्रेत दिलेले वेदनाशामक म्हणजे भूल नव्हे, तर पडलेली भूल उतरवण्याचा उपाय होय. भाषेचा निवाडा येथे उलटा करावा लागतो.

याचा अर्थ औषधाचे भय निराधार आहे असा नाही. मात्रा चुकली तर मॉर्फिन श्वास मंदावते, आणि वेदनेवाचून घेतले तर ते माणसाला आपले बंदी करू शकते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकांत ही औषधे सढळ हाताने लिहून दिली गेली. १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे पाच लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांत पुढे बेकायदा द्रव्यांचाच वाटा मोठा झाला, हेही नमूद केले पाहिजे. आपल्याकडे चूक दुसऱ्या टोकाची झाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमच येथे तिच्यावर प्रक्रिया होते; आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातल्या बहुसंख्य मरणासन्न रोग्यांना मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन काही वाट मोकळी झाली. पण मनातले जंजाळ कायद्याने सुटत नाही. रोग्याने सोसावे ही अपेक्षा आणि त्याने शांत पडावे ही अपेक्षा, या दोन्ही अखेर आपल्या सोयीच्या असतात. एकीत आपल्याला त्याचे धैर्य पाहायचे असते. दुसरीत त्याचे विव्हळणे ऐकायचे नसते.

विव्हळणे ऐकू न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हा धडा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्यकालाही पुरता उमगला नव्हता. नवजात अर्भकांवर केवळ स्नायू शिथिल करणारी औषधे आणि अगदी तोकडी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांचा मेंदू अपक्व असल्याने त्यांना दुखत नाही, अशी समजूत होती. १९८७ साली कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत खोटी असल्याचे दाखवले. वेदना सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, ही गोष्ट वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या सुधारित व्याख्येला जोडलेल्या टिपांत स्पष्ट केली आहे.

ताटस्थ्य हे मूल्य थोर आहे, आणि आपल्या परंपरेने ते जतन केले याचा मला अभिमान आहे. परंतु ते मूल्य उत्तम पुरुषी एकवचनी आहे. ते मी माझ्यापुरते मागावे. दुसऱ्याच्या बाबतीत ते मागू लागताच त्याचे क्रौर्य होते. त्याचप्रमाणे दुसऱ्याला गुंगीत ठेवताना ती त्याच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हेही दर वेळी स्वतःला विचारावे लागेल. कधी कधी अंतकाळी दुसरा कोणताच उपाय उरत नाही आणि झोपच द्यावी लागते, हे मी जाणतो. तेव्हा ती देणाऱ्याने जागे राहावे, एवढेच.

दादांनी पुढचे सात आठवडे त्या गोळ्यांवर काढले. त्यांतला काही वेळ ते पेंगत असत; उरलेल्या वेळात मुलाशी बोलत, वहिनींची थट्टा करीत, माझ्या एका लेखातील चुका काढीत. दुखणे गेले नव्हते. ते तिकडे होते, आणि दादा इकडे आमच्यात होते.